श्रावणातल्या चवळ्या, लागोसच्या

पहिला दिवस, रविवार

मुंबई ते अदिस अबाबा आणि तिथून नायजेरियातलं लागोस. पिवळ्या तापाच्या लशीचं कार्ड पासपोर्टाला रबरबँडने बांधून ठेव, हे भावाने चारदा फोन करून सांगितलं होतं. ते नसेल तर इकडे आत घेत नाहीत आणि परतताना आपलेच लोक मुंबईत अडवतात. कार्ड दाखवलं, शिक्का बसला, बाहेर आले. ऑगस्ट महिना म्हणून छत्री बॅगेत अगदी वर ठेवली होती, तर आभाळ नुसतंच भरलेलं आणि हवा चक्क गार. इथे भर पावसाळ्यात पाऊस थोडे दिवस दम खातो, त्याला सगळे ‘ऑगस्ट ब्रेक’ म्हणतात.

भाऊ-भावजय इलुपेजूला राहतात. कारखान्यांचा भाग, आपले लोकही बरेच. वरच्या मजल्यावर हे दोघं आणि खाली घरमालकीण. तिला सगळी गल्ली ‘इया इबेजी’ म्हणते, म्हणजे जुळ्यांची आई. इथल्या योरुबा लोकांत मूल झालं की बाईचं नाव मागे पडतं, आपल्याकडच्या ‘बंड्याच्या आई’सारखं. तिची जुळी आता पस्तिशीची. एक अबुजात, एक परदेशात. तरी ती इया इबेजीच. जुळ्यांत जो आधी जन्मतो तो तायवो आणि मागून येतो तो केहिंदे. पण थोरला धरतात केहिंदेला! त्याने तायवोला पुढे पाठवलेलं असतं, ‘जा, जगाची चव बघून ये’ म्हणून. हे मला जिना चढता चढता भावजयीने सांगितलं आणि मी तेवढ्यावर झोपले.

दुसरा दिवस, सोमवार

श्रावणी सोमवार. मी चिपळूणची. एरवी मासळीशिवाय माझ्या घशाखाली घास उतरत नाही, पण श्रावण पाळते. सासूबाई गेल्या तेव्हापासून पाळते, त्या असताना चोरून खायची. भावजयीने सकाळीच सावध केलं, “ताई, इथे ‘मांस नको’ म्हटलं तर मासे घालतात, आणि ‘मासे नकोत’ म्हटलं तर क्रेफिश घालतात.”

क्रेफिश म्हणजे काय ते दुपारी कळलं. पाहुणी आली म्हणून इया झाकलेलं भांडं घेऊन वर आली. एवा रीरो, म्हणजे चवळ्या. पार मऊ शिजवून थोड्या घोटलेल्या, लालभडक तेलात, वर पिकल्या केळ्याचे तळलेले काप. त्यांना इथे डोडो म्हणतात. केळं आपल्या राजेळीसारखं जाड. चमचा उचलला आणि वास आला. ओळखीचा, आमच्या पावसाळ्यातल्या स्वयंपाकघराचा. जवळा! सुकवलेली बारीक कोळंबी कुटून घातलेली.

माझा चमचा हवेत. भावजयीने समजावून सांगितलं, उपास आहे, महिनाभर मासे नाहीत. इया म्हणाली, “पण यात मासा कुठाय? क्रेफिश आहे.” तिच्या लेखी ते मीठ-मिरचीत मोडत होतं. मी केळ्याचे काप खाल्ले आणि भांड्याकडे बघत बसले. खोटं कशाला सांगू, हा उपास मला सासूबाईंच्या राज्यातसुद्धा इतका जड गेला नव्हता.

संध्याकाळी ती परत वर आली. उद्या बाजारात चल, म्हणाली. नवं पातेलं काढते, त्यात क्रेफिश पडणार नाही, तुझ्या देवाला सांग.

तिसरा दिवस, मंगळवार

मुशिनचा बाजार इलुपेजूला लागूनच. रस्त्यावर पिवळ्या डॅनफो गाड्या, त्यांच्या दारात लटकलेले कंडक्टर, आणि त्यांच्या मधून डोक्यावर टोपल्या घेऊन सरळ चालणाऱ्या बायका. इया पुढे, मी तिच्या झग्याचं टोक धरून मागे. लहान पोरं मला बघून ‘ओयिन्बो’ ओरडत होती. हा शब्द खरा गोऱ्यांसाठी, पण आपणही त्यात जमा.

चवळ्यांची ओळच्या ओळ होती. गोणपाटाच्या तोंडाशी डोंगर केलेले. मोठी पांढरी काळ्या डोळ्याची, ती आपल्याला ठाऊक. बारीक पांढरी. आणि तांबूस तपकिरी ओलोयिन. ‘ओयिन’ म्हणजे मध, ओलोयिन म्हणजे मधाची. शिजली की गोडसर लागते म्हणून हे नाव, आणि भावही इतरांपेक्षा चढा. माल उत्तरेतून ट्रकने येतो. जगात सगळ्यात जास्त चवळी नायजेरियात पिकते आणि तरी इथल्या लोकांना ती पुरत नाही, इतकी खातात. आपल्याकडे चवळी म्हणजे कडधान्यांतली धाकटी जाऊ. मूग, मटकी, वाल यांचं झालं की हिचा नंबर. इथे पाहावं तर तिचंच राज्य.

मापाला डेरिका. म्हणजे टोमॅटो पेस्टचा रिकामा पत्र्याचा डबा. त्या कंपनीचं नाव मापालाच चिकटलंय. डबा शिगोशीग भरायचा, वरचा ढीग सांडेल इतका, आणि मग गिऱ्हाइकाने ‘जारा’ म्हणायचं. जारा म्हणजे वर मूठभर फुकट. न मागणाऱ्याला विकणारीच नवल करून बघते. मी पहिल्यांदाच म्हटलं तेव्हा ती बाई एवढी हसली की दोन मुठी टाकल्या. इयाने मात्र पैसे देण्याआधी दाणे तळहातावर घेतले, फुंकले, दोन दातांखाली फोडले, भोकं आहेत का पाहिली. भुंगा लागलेली चवळी विकणाऱ्याला ती काय म्हणाली ते भावजयीनेही मला सांगितलं नाही.

पुढे पालेभाज्या. इथे माझा आवाज जरा मोठाच झाला असावा. एका म्हातारीसमोर जुड्या रचलेल्या. मी एक उचलली, पान चुरगळून वास घेतला आणि म्हटलं, “अगं बाई, कुरडू!”

कुरडूच. श्रावणात आमच्या परसामागे आपोआप उगवते, आदिवासी बायका जुड्या घेऊन दारावर येतात, ती. कोवळी पानं, तुरा अजून न फुटलेला. इथे हिला शोको म्हणतात आणि रीतसर वाफे करून लावतात. पूर्ण नाव शोकोयोकोतो, नवऱ्याच्या अंगावर मूठभर मांस चढवणारी आणि तोंडावर तजेला आणणारी. तिच्या शेजारी तेते, म्हणजे आपला माठ. त्याच्या शेजारी उगू, ही मात्र अनोळखी. एका भोपळ्याच्या जातीच्या वेलाची रुंद, रेषारेषांची पानं. मूळची पूर्वेकडच्या इग्बो लोकांची, आता सगळ्यांची. मला कुरडूशी बोलताना बघून म्हातारीने इयाला काहीतरी विचारलं. इया म्हणाली, “ती विचारतेय, तुमच्या देशात ही भाजी आहे, तर ही बाई इतक्या लांब कशाला आली?”

चौथा दिवस, बुधवार

एफो रीरो. एफो म्हणजे पालेभाजी, रीरो म्हणजे ढवळून केलेली. इयाच्या स्वयंपाकघरात, नव्या पातेल्यात.

आधी मिरच्या. इथे मिरचीची तीन नावं शिकल्याशिवाय चुलीजवळ उभं राहता येत नाही. ताताशे लांबट लाल, रंगासाठी, तिखट कमी. शोंबो बारीक लांब. आणि आता रोडो, गोल, चुरगळलेल्या कंदिलासारखी, जिचा वास आंब्यासारखा आणि जाळ बिब्ब्यासारखा. या तिन्हींची कांद्याबरोबर भरड वाटली. कुरडू आणि माठ चिरून, उकळत्या पाण्यातून काढून, घट्ट पिळून गोळे करून ठेवले. पिळून काढलेलं हिरवं पाणी ओतून दिलं तेव्हा माझा जीव तुटला, आमटी झाली असती की!

मग पाम तेल. लाल, रंगाने आपल्या गाजराच्या हलव्यासारखं, थंडीत थिजणारं. ते तापलं, कांदा पडला, आणि मी सवयीने मोहरीचा डबा शोधायला हात लांबवला. मोहरी नाही, हळद नाही, हिंग नाही, जिरं नाही. मग चव कोण देणार?

इयाने पानात गुंडाळलेली एक काळी पुडी उघडली आणि मी दोन पावलं मागे सरले. इरू. उत्तरेत हिलाच दावादावा म्हणतात. एका मोठ्या झाडाच्या शेंगांतल्या बिया तासन् तास उकडून, साल काढून, पुन्हा शिजवून, दोन-तीन दिवस झाकून आंबवतात. आपल्या बागांत ते चेंडूफळाचं झाड असतं ना, लांब देठाला लोंबणारे चेंडू असणारं? इरूचं झाड त्याच्याच कुळातलं. वास काय सांगू. जुन्या हिंगाच्या डबीत कुणी ओले मोजे ठेवले तर. पण चमचाभर इरू तेलात पडली, एक मिनिट गेलं, आणि तो वास वळला. खमंग झाला. वाटण ओतलं, तेल सुटेपर्यंत परतलं, शेवटी पालेभाजीचे गोळे मोकळे करून घातले आणि पाचेक मिनिटांत उतरवलं. पान करकरीत राहिलं पाहिजे, गळलं की भाजी गेली.

उकडलेल्या यामबरोबर खाल्ली. याम म्हणजे हातभर लांबीचा पांढरा कंद, आपल्या कोनफळाचा थोरला भाऊ, ऑगस्टमध्ये नवा येतो. कुरडूला लसूण आणि ओलं खोबरं हेच लागतं, असं मी पन्नास वर्षं मानत आले.

इया मला बघत होती. “क्रेफिश असती तर,” ती म्हणाली, आणि पुढचं वाक्य गिळलं.

पाचवा दिवस, गुरुवार

ब्रेक संपल्यासारखा पाऊस. दिवसभर घरात. वीज गेली, जनरेटर लागला, पुन्हा आली. रात्री वरण-भात.

सहावा दिवस, शुक्रवार

गल्लीत सकाळी एक हाक येते. डोक्यावर झाकलेलं मोठं पातेलं, हातात छोटं. एवा आगोयिन. पूर्वी शेजारच्या बेनिन-टोगोकडून आलेल्या बायकांनी लागोसला हा प्रकार लावला. त्यांना इथे आगोयिन म्हणत, तेच नाव पदार्थाला राहिलं. पांढरी चवळी इतकी शिजवलेली की बोटाने दाबली तर पिठलं व्हावी, मीठ सोडून तिच्यात काही नाही. सगळी कला वरच्या काळपट तेलात. कोरड्या मिरच्या भरड कुटून, कांदा जवळजवळ जाळून, पाम तेल आधी धूर निघेपर्यंत तापवून त्याचा लाल रंग घालवून करतात. इया म्हणते हे घरात करायचं नाही, शेजारी भांडायला येतात. खाली सांडलेल्या तेलावर बोट फिरवून चाटावंसं वाटतं. बरोबर आगेगे ब्रेड, न कापलेला, गोडसर, दाट, ओढला की तंतू निघतो. त्याचं पीठ रूळांतून दाबून काढायची पद्धत जमैकाहून रेल्वेत नोकरीला आलेल्या एका गृहस्थाने, शॅकलफर्डने, शंभर वर्षांपूर्वी आणली.

मी खात्री करून घेतली होती, तिच्या तेलात क्रेफिश नव्हती. बहुधा.

सातवा दिवस, शनिवार

शनिवार सकाळ म्हणजे आकारा. हे इथे इतकं पक्कं आहे की विचारावं लागत नाही. आकारा म्हणजे चवळीचे वडे, सोललेल्या चवळीचे. इयाने भिजवलेल्या ओलोयिनचं टोपलं माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाली, सालं काढ.

मी मनात हसले. अहो, मी वालाचं बिरडं करणारी बाई! आमच्याकडे श्रावणी सोमवारी बिरडं असतं. मोड आलेले वाल कोमट पाण्यात घालून एकेक सोलायचे, चिमटीत धरला की दाणा टुणकन बाहेर. लहानपणापासून आजीबरोबर बसून सोललेत. पदर खोचला आणि बसले. चिमटीत दाणा, साल बाजूला. चिमटीत दाणा, साल बाजूला. अर्ध्या तासाने माझ्यापुढे दोन मुठी झाल्या होत्या आणि इया दारात उभी राहून, हात कमरेवर, मला बघत होती. तिने तिच्या बहिणीला फोन लावला. फोनवर बोलता बोलता हसून हसून तिला खुर्ची धरावी लागली. एकेक, एकेक, एवढंच मला कळलं.

मग दाखवलं. टोपल्यात पाणी, दोन्ही तळहातांत दाणे घेऊन कपडे चोळतो तसे चोळायचे. साल सुटतं. टोपलं तिरकं करून हलवायचं, सालं वर तरंगतात, ती पाण्याबरोबर चाळणीत ओतायची. पुन्हा पाणी, पुन्हा चोळणं. सहा-सात पाण्यांत दाणे हस्तिदंती पांढरे, डोळ्याचा काळा ठिपकासुद्धा गेलेला. ठिपका राहिला तर वडा करडा दिसतो आणि करड्या वड्याच्या बाईला नावं ठेवतात. भिजवायचंही जेमतेम दहा-पंधरा मिनिटं, मी समजत होते तसं रात्रभर नाही. जास्त भिजलं तर दाणा चोळताना फुटतो.

दळायला कोपऱ्यावरच्या चक्कीत. इंजिनाची चक्की, ओलं दळण, समोर बादल्यांची रांग. कुणाच्या बादलीत मिरची, कुणाच्या मका, कुणाच्या चवळी. इयाने चक्कीवाल्याकडून आधी दोन मग पाणी सोडून घेतलं, आधीच्या गिऱ्हाइकाच्या रोडोचा अंश आपल्या पिठात नको. पाणी जवळजवळ घातलंच नाही, पीठ घट्ट.

त्यानंतरचं सगळं मनगटात. लाकडी उखळात पीठ घेऊन मुसळाने एकाच दिशेने फेटायचं, हवा भरेपर्यंत. बारीक कांदा, रोडो. मीठ अगदी तळताना, आधी घातलं तर पीठ पाणी सोडतं आणि बसतं. हे तिने मला सांगितलं होतं. मी ऐकलंही होतं. तरी बोलता बोलता मीठ टाकून बसले. माझा घाणा तळाशी जाऊन चिकटला, पापडासारखे चपटे. तिचे गोल, फुगलेले, आत जाळीदार. दोन्ही घाणे टेबलावर शेजारी शेजारी मांडले तिने, मुद्दाम.

बरोबर ओगी, आंबवलेल्या मक्याची पेज, आंबिलीच्या जवळची. भाऊ म्हणाला, हाच आकारा गुलामांच्या जहाजांतून ब्राझीलला गेला आणि बाहिया प्रांतात रस्त्यारस्त्यावर आकाराजे म्हणून विकतात. ‘जे’ म्हणजे योरुबात खाणे. कुणीतरी ‘आकारा घ्या, खा’ अशी हाक देत असेल, ती हाकच नाव होऊन बसली. मी माझा चपटा वडा पेजेत बुडवून खाल्ला. चवीला काही वाईट नव्हता.

आठवा दिवस, रविवार

वरच्या गल्लीत भावाच्या ओळखीचं एनुगूकडचं इग्बो कुटुंब. चर्चहून आल्यावर जेवायला बोलावलं. पातेल्याचं झाकण उघडलं आणि मी म्हटलं, ही तर तूर! सालासकट, अख्खी तूर. तिकडे तिला फिओफिओ म्हणतात. सुकवलेले अळूचे कंद भिजवून, वाफवून, तुरीत पाम तेल, कांदा, मिरची घालून एकत्र. तूर तीन तास शिजत होती म्हणे, डाळ करायची पद्धतच नाही. तूर मूळची आपली, भारताची, ती इकडे आली. आणि चवळी मूळची आफ्रिकेची, ती हजारो वर्षांपूर्वी आपल्याकडे गेली. अदलाबदल झाली म्हणायची.

नववा दिवस, सोमवार

दुसरा श्रावणी सोमवार, आणि इयाने ठरवलं की मला तिच्या गावी, इबादानला न्यायचं. एबुते मेट्टाच्या स्टेशनवरून गाडी. ही रेल्वे २०२१ मध्ये सुरू झाली, स्टेशनांना माणसांची नावं. वाटेत अबेओकुता येतं, त्या स्टेशनला वोले शोयिंका यांचं नाव आहे. लेखकाचं नाव स्टेशनला! मी डब्यात सगळ्यांना वाचून दाखवलं, कुणाला त्यात विशेष वाटलं नाही. साडेदोन-तीन तासांत मोनिया, म्हणजे इबादानचं टोक.

इयाची धाकटी बहीण, तीच फोनवाली, दारातच म्हणाली, “एकेक सोलणारी हीच का?” तिची सून गुडघे टेकून इयाच्या पाया पडली. इथे मुली गुडघे टेकतात, मुलगे पालथे पडतात. मीही उगाच ओढणी सारखी केली.

जेवायला आबुला. तीन गोष्टी एका ताटलीत. एक आमाला, सुकवलेल्या यामच्या पिठाची उकड. यामच्या फोडी किंचित उकळून वाळवताना तपकिरी पडतात, म्हणून उकड काळपट, नाचणीच्या मुद्दीसारखी, पण हलकी, घशाशी थांबतच नाही. दुसरं एवेडू, ज्यूटची कोवळी पानं. होय, ज्यांची पुढे गोणपाटं होतात तीच. पानं शिजवून ‘इजाबे’ नावाच्या आखूड केरसुणीने पातेल्यातच घोटतात, भेंडीसारखं बुळबुळीत हिरवं होईपर्यंत. ही केरसुणी फक्त स्वयंपाकाची, खुंटीवर टांगलेली. आणि तिसरं गेबेगिरी.

गेबेगिरी म्हणजे सोललेल्या चवळीचं वरण. दुसरा शब्द नाही. दाणे गळेपर्यंत शिजवून, घोटून, गाळून, पाम तेल आणि मिरची घालून, पिवळं धमक. मी वाटी तोंडाला लावली. तिघी बायका दचकल्या, कारण ते उकडीवर ओतायचं असतं, प्यायचं नसतं. पण श्रावणी सोमवार, उपासाचा दिवस, दुपारी एक वाजता, घरापासून एवढ्या लांब, आणि समोर वरण. बहिणीने न विचारता वाटी परत भरली. क्रेफिशबद्दल मी विचारलं नाही, इया स्वतःच म्हणाली, “नाही घातली. हिला मी परवाच बजावलं होतं.”

एवेडू मला आवडली नाही. आमालाची धार धरून वर येते आणि हनुवटीला लागते. सगळ्यांना आवडते, मला नाही.

दहावा दिवस, मंगळवार

इबादानच्या कडेला उष्ण कटिबंधातल्या शेतीची आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था आहे, १९६७ सालची. तिच्या बीजपेढीत चवळीचेच पंधरा हजारांवर वाण जपून ठेवलेत. आत जायला परवानगी लागते, मी फाटक बघितलं. आणि बोडिजाच्या बाजारात गेले, तिथे परवानगी लागत नाही. वाण अर्थात इतके नव्हते, पण चवळीच्या गोण्या मुशिनपेक्षा कितीतरी जास्त, आणि इयाची दात लावायची सवय इथे सगळ्याच बायकांना.

आम्ही गेलो होतो पानांसाठी. एवे मोइनमोइन, रुंद, लवचिक, कर्दळीच्या पानासारखं. लागोसला मिळतात, पण इयाचा त्यांच्यावर विश्वास नाही. शंभर पानांचा भारा मांडीवर घेऊन गाडीत बसलो. याच झाडाच्या फळातून साखरेहून हजारो पटींनी गोड असं प्रथिन काढतात. मी पान चाटून पाहिलं. गवत.

अकरावा दिवस, बुधवार

मोइनमोइन. चवळी मी सोलली. तळहातांनी, सहा पाण्यांत, एकही ठिपका नाही. इयाने टोपल्यात हात घालून बघितलं आणि काही बोलली नाही, आणि मला बारावीचा निकाल लागल्यासारखं वाटलं.

या पिठाला आकाराचं सगळं उलट. ताताशे आणि कांद्याबरोबर अगदी गंधासारखं बारीक, पातळ, तेल आणि कोमट पाणी घालून. तिच्या सणासुदीच्या मोइनमोइनला ‘एलेमी मेजे’ म्हणतात, सात जिवांची. अंडं, मासा, क्रेफिश, असं करत सात जिन्नस आत. माझ्यासाठी निर्जीव केली. पान द्रोणासारखं वळायचं, टोक मागे दुमडायचं, डाव्या हातात तसंच धरून उजव्याने पळीभर पीठ, वरचा भाग मुडपून बंद. दोरा नाही, काडी नाही. पातेल्याच्या तळाला पानांचे देठ, थोडं पाणी, त्यावर पुड्या उभ्या. इथे मात्र मी तिला हरवलं. पानात काही वळणं हे कोकणात शिकवावं लागत नाही. हळदीच्या पानातल्या पातोळ्या करते, असं सांगितलं आणि माझी एकही पुडी गळली नाही. तिच्या दोन गळल्या. टेबलावर शेजारी शेजारी मांडल्या मी, मुद्दाम.

तासाने उघडल्या. पानाच्या शिरांची नक्षी वर उमटलेली, केशरी, थरथरणारी. आता शहरात डब्यांत, प्लॅस्टिकच्या पिशव्यांत उकडतात. तिची सूनही तसंच करते, ती म्हणाली, आणि तोंड वाकडं केलं.

रात्री म्हटलं, उद्या मी तुला खायला घालते. आमचं बिरडं, पण तुझ्या चवळीचं. ओलोयिन भिजवली, उपसली, ओल्या पंचात घट्ट बांधली आणि तिच्याच स्वयंपाकघरात, ओट्याच्या कोपऱ्यात ठेवली. इथल्या हवेत रात्रीत मोड येतील असा अंदाज.

बारावा दिवस, गुरुवार

सकाळी खाली गेले. पंचा धुऊन दोरीवर. पुरचुंडी नाही.

इया परसात, पाण्याच्या टाकीमागे, हातात खुरपं. उगूच्या वेलाशेजारी ओली माती, त्यात तीन सरळ ओळी. मला बघून म्हणाली, बरं झालं तू उठलीस, तुझी चवळी रात्री खराब व्हायला लागली होती. सगळ्यांना मोड आले. टाकवेना, म्हणून लावून टाकली.

मी तिला सांगितलं की आम्ही तेच खातो. मोड आलेले. मोड यावेत म्हणूनच बांधतो. तिने खुरपं खाली ठेवलं.

“उगवलेलं खाता?”

“हो.”

“आणि मग सोलता. एकेक.”

“एकेक.”

तिने बराच वेळ माझ्याकडे बघितलं आणि मग बहिणीला फोन लावला.

तेरावा दिवस, शुक्रवार

विमान दुपारचं. डब्यात सहा मोइनमोइन, भावजयीने कागदात बांधलेल्या. बी-बियाणं भारतात नेताना भानगडी असतात, म्हणून ओलोयिन घेतली नाही. निघताना परसात डोकावले. मधल्या ओळीत दोन ठिकाणी माती उचलली गेली होती. इया म्हणाली, दोन महिने लागतील, मग भावाला शेंगा पाठवते वर. सोलायला तू ये.